एकाच नांवाचीं गांवें आणि अनेक रकान्यांची निवडयादी

शाळेंतील प्रवेश, परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्तीची मागणी, रेल्वेचें तिकीट इत्यादि अनेक कामें आतां कागदावर न होतां संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर होतात. अशा अर्जांत कांहीं ठिकाणीं आपणांस अक्षरें लिहावीं लागतात. कांहीं ठिकाणीं मात्र एका लहानशा चौकटीवर बोट ठेवितांच तिच्याखालीं नांवांची एक यादी उलगडते, आणि तींतून आपलें गांव, शाळा अथवा विषय निवडावयाचा असतो. इंग्रजींत हिला ड्रॉपडाऊन म्हणतात. या लेखांत आपण तिला निवडयादी म्हणूं. वरच्या वर्गांतील कित्येक विद्यार्थी हल्लीं वेबपृष्ठें तयार करावयास शिकत आहेत, व त्यांचे आईबाप असे अर्ज नित्य भरीत असतात. तेव्हां करणारा आणि वापरणारा या दोघांच्याही उपयोगी पडेल असा हा विषय आहे.

प्रथम अडचण काय आहे तें पाहूं. वर्धा जिल्ह्यांत आष्टी नांवाचा एक तालुका आहे, आणि बीड जिल्ह्यांतही आष्टी नांवाचा दुसरा तालुका आहे. समजा, वर्ध्याकडील आष्टीची एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरीत आहे. 'तालुका' या चौकटीवर तिनें बोट ठेविलें, यादी उघडली, तींत 'आष्टी' हें नांव एकाखालीं एक असें दोनदां आलें. तिनें काय करावें? दोहोंतील भेद दाखविणारें एकही अक्षर पडद्यावर नाहीं. तिनें पहिलें नांव निवडलें आणि तें बीडकडील निघालें, तर तिचा अर्ज शेंकडों किलोमीटर दूरच्या कचेरीच्या दप्तरांत जाऊन पडेल. 'ही विद्यार्थिनी या तालुक्यांतील नव्हे' असा शेरा मारून तेथील कारकून तो नामंजूर करील. आणि तें कळेपर्यंत अर्जाची मुदत संपलेली असेल. मुलीनें कांहींही चुकीचें केलें नाहीं. तिला लिहितांवाचतां येत होतें, आपलें गांव कोठें आहे हें ठाऊक होतें, आणि तरीही वर्षाच्या फीची रक्कम तिच्या हातची गेली. दोष यादी रचणाराचा.

हें उदाहरण ओढूनताणून आणलेलें नाहीं. कर्जत हा तालुका रायगड जिल्ह्यांत आहे व अहिल्यानगर जिल्ह्यांतही आहे. खेड रत्नागिरींत आहे व पुण्यांतही आहे. मालेगांव नाशकांत व वाशिमांत, सेलू परभणींत व वर्ध्यांत, कळंब धाराशिवांत व यवतमाळांत. महाराष्ट्रांत ३६ जिल्हे व ३५८ तालुके आहेत. एवढ्याशा यादींत जर इतक्या जोड्या निघतात, तर चाळीस हजारांहून अधिक गांवांच्या यादींत पिंपळगांव, वडगांव, नांदगांव हीं नांवें किती वेळां येत असतील याची कल्पना वाचकांनींच करावी. बुद्रुक आणि खुर्द अशीं शेंपटें आपल्या पूर्वजांनीं गांवांच्या नांवांस लाविलीं तीं याच अडचणीमुळें. पण शेजारच्या तालुक्यांतही तशीच बुद्रुक-खुर्दांची जोडी असूं शकते.

या रोगावरील औषध आपल्या प्रत्येकाच्या घरीं फार दिवसांपासून आहे. पाकिटावर पत्ता लिहितांना आपण मु., पो., ता., जि. हीं चार अक्षरें क्रमानें घालतों. मुक्काम आष्टी, तालुका आष्टी, जिल्हा वर्धा असें लिहिलें म्हणजे पत्र बीडास जाण्याची भीति उरत नाहीं. अनेक रकान्यांची निवडयादी म्हणजे हेंच मु. पो. ता. जि. पडद्यावर आणणें होय. यादी उघडली कीं शाळेच्या रजिस्टराप्रमाणें वर रकान्यांचीं नांवें असावींत, आणि खालीं प्रत्येक ओळींत गांव, तालुका, जिल्हा व पिन हे एकाच सरळ रेषेंत दिसावेत. मग दोन आष्ट्या एकाखालीं एक आल्या तरी डोळा जिल्ह्याच्या रकान्याकडे वळतो आणि निवड तात्काळ होते.

रकाने किती असावेत? याविषयीं नवशिक्या कारागिराचा उत्साह आवरावा लागतो. त्याच्याजवळ गांवाची लोकसंख्या असते, क्षेत्रफळ असतें, सरपंचाचें नांवही असतें, आणि तें सर्व यादींत भरावें असें त्यास वाटतें. परंतु ज्या माहितीनें एक ओळ दुसरीहून वेगळी ओळखतां येते, आणि जी माहिती निवडणारास आधींच ठाऊक आहे, तेवढीच रकान्यांत घालावी. आपल्या गांवाची लोकसंख्या कोणासही पाठ नसते. जिल्हा सर्वांस पाठ असतो. तीन किंवा चार रकाने पुरे होतात. त्याहून अधिक झाले कीं यादी ही यादी न राहतां अहवाल होते.

आतां या विषयाचें मर्म असें आहे कीं, रकाने हे मनुष्याच्या डोळ्यांसाठीं आहेत; यंत्रास त्यांचा उपयोग नाहीं. यंत्रास हवा असतो एकच आंकडा, कीं जो त्या गांवाशिवाय दुसऱ्या कोणत्याही गांवाचा असूं शकत नाहीं. मनुष्यानें 'आष्टी, वर्धा' ही ओळ निवडावी आणि अर्जाबरोबर सर्व्हरकडे जावा तो केवळ आंकडा, अशी व्यवस्था पाहिजे. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या, १९९२ सालीं प्रथम निघालेल्या ॲक्सेस नांवाच्या प्रणालींत ही गोष्ट फार सुबक रीतीनें केलेली आढळते. तिच्या निवडयादीस रकाने किती, प्रत्येकाची रुंदी किती, आणि त्यांपैकीं कोणत्या रकान्यांतील मूल्य साठवावयाचें, अशीं तीन निरनिराळीं कलमें सांगतां येतात. आणि साठवावयाच्या रकान्याची रुंदी शून्य ठेविली म्हणजे तो आंकडा डोळ्यांस दिसत नाहीं, पण कामास येतो. कचेऱ्यांतून संगणकावर काम केलेल्या पुष्कळ पालकांनीं ही यादी पाहिली असेल. वेबवर तीच सोय आपणांस हातानें घडवावी लागते.

हा आंकडा म्हणून पिन घ्यावा कीं काय, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. पिनची पद्धति १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली. ती बसविणारे टपाल खात्याचे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृताचे पंडित व नाटककार होते, ही गोष्ट आपणां मराठी भाषिकांस सुखावणारी आहे. सारख्या नांवांचीं गांवें, निरनिराळ्या भाषांतील पत्ते आणि न लागणारें हस्ताक्षर यांमुळें पत्रें भलतीकडे जात. तें टाळण्यासाठीं देशाचे विभाग पाडून सहा आंकड्यांची ही संख्या योजिली. म्हणजे आपल्या निवडयादीचा आणि पिनचा जन्म एकाच अडचणींतून झाला आहे. तथापि पिन हा टपाल वांटणाऱ्या कचेरीचा असतो, गांवाचा नव्हे. एका कचेरीखालीं अनेक गांवें येतात व त्या सर्वांचा पिन एकच असतो. तेव्हां ओळखण्यास मदत म्हणून तो रकान्यांत दाखवावा, पण गांवाची खूण म्हणून साठवूं नये. त्या कामीं २०११ च्या जनगणनेंत प्रत्येक गांवास दिलेला सहा आंकड्यांचा क्रमांक अधिक योग्य होय. तो कोणासही पाठ नसल्यानें पडद्यावर दाखविण्याचें कारण नाहीं.

वेबपृष्ठाच्या भाषेंत निवडयादीसाठीं 'सिलेक्ट' नांवाचा तयार घटक आहे. १९९५ सालच्या एच.टी.एम.एल. २.० या प्रमाणग्रंथांतही तो होता. त्याच्या पोटांत 'ऑप्शन' नांवाच्या ओळी असतात; प्रत्येक ओळींत दिसणारे शब्द वेगळे व सर्व्हरकडे जाणारें मूल्य वेगळें ठेवितां येतें. म्हणजे अर्धें काम तेथें झालेलेंच आहे. परंतु ओळींत केवळ साधा मजकूर राहूं शकतो. रकाने पाडतां येत नाहींत. कोणी शब्दांच्या मध्यें बऱ्याच मोकळ्या जागा सोडून रकान्यांचा आभास निर्माण करूं पाहतात. पण ब्राउझर त्या साऱ्या जागांची एकच जागा करून टाकतो. न आटणाऱ्या विशेष जागा घातल्या तरी सर्व अक्षरें सारख्या रुंदीचीं असलेला टाईप लागतो, आणि 'क्ष्मी' व 'र' यांना एकाच मापाच्या घरांत बसविणें देवनागरींत शक्य होत नाहीं. त्यामुळें रकाने वांकडेतिकडे होतात. २०२५ सालीं क्रोम ब्राउझरानें या जुन्या घटकास हवें तें रूप देण्याची व ओळींत चित्रें किंवा रकाने बसविण्याची सोय केली, हें चांगलेंच झालें. यादी दहावीस ओळींची असेल तर तिचा उपयोग करावा. चाळीस हजार गांवांत मात्र शोधण्याची चौकट हवी, व ती त्या घटकांत नाहीं.

म्हणून आपला घटक आपणच जोडावयाचा. त्याचे भाग चार : लिहिण्याची एक चौकट, तिच्याखालीं उघडणारी व मिटणारी एक पाटी, पाटीवरील ओळी, आणि निवडलेला क्रमांक धारण करणारी एक न दिसणारी चौकट. पाटीवरील रकाने सी.एस.एस. भाषेंतील 'ग्रिड' या योजनेनें पाडावेत, आणि प्रत्येक ओळीनें तेच रकाने घ्यावेत म्हणून 'सबग्रिड' वापरावें. २०२३ पासून सर्व मुख्य ब्राउझर तें जाणतात. पाटी एखाद्या आकुंचित कप्प्यांत अडकून अर्धीच दिसूं नये यासाठीं 'पॉपओव्हर' हा गुण तिला द्यावा, म्हणजे ती सर्वांच्या वर येते. रचनेविषयीं इतकें पुरे. खरी अडचण पुढेंच आहे.

चाळीस हजार ओळी एकदम पाठवून भागणार नाहीं. खेड्यांतील मंद जोडणीवर पृष्ठ उघडण्यासच कित्येक क्षण लागतील, आणि इतकी लांब यादी कोणी वाचणारही नाहीं. मनुष्यानें दोन तीन अक्षरें लिहावींत, त्यांवरून सर्व्हरनें जुळणाऱ्या वीसपंचवीस ओळी धाडाव्यात, हा योग्य मार्ग. मात्र प्रत्येक अक्षरागणिक सर्व्हरकडे धांव घेऊं नये. लिहिणाराचें बोट सुमारें तीन दशांश सेकंद थांबलें म्हणजे विचारणा करावी. येथें एक चमत्कारिक गोष्ट घडते, ती पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. मनुष्य 'सेलू' लिहून थांबला. एक विचारणा गेली. मग तें खोडून त्यानें 'खेड' लिहिलें, दुसरी गेली. दुसरीचें उत्तर आधीं आलें व यादींत खेडें दिसलीं. इतक्यांत वाटेंत रेंगाळलेलें पहिलें उत्तर येऊन पोंचलें, आणि चौकटींत 'खेड' असतां खालीं सेलूच्या ओळी उमटल्या! टपालांत कालचें पत्र आजच्या पत्रानंतर मिळावें तसा हा प्रकार होय. यास्तव नवी विचारणा करितांना जुनी रद्द करावी. निदान प्रत्येक विचारणेस अनुक्रमांक देऊन, शेवटच्या क्रमांकाचें नसेल तें उत्तर टाकून द्यावें.

शोधण्याच्या कामीं मराठीचे म्हणून कांहीं विशेष आहेत, आणि इंग्रजींत लिहिलेल्या पाठांत त्यांचा उल्लेख नसल्यामुळें आपल्या लोकांची फसगत होते. १९६२ सालीं शासनानें मान्य केलेल्या लेखननियमांनीं उच्चार नसलेले अनुस्वार गेले. तरी जुन्या दप्तरांत 'मालेगांव' आहे आणि आजचा विद्यार्थी 'मालेगाव' लिहितो. (प्रस्तुत लेखांतही ते जुने अनुस्वार वाचकांस पदोपदीं भेटतीलच.) यंत्राच्या दृष्टीनें हे दोन निरनिराळे शब्द आहेत. याहून सूक्ष्म प्रकार सातारा जिल्ह्यांतील कऱ्हाडाचा. यांतील 'ऱ' हें अक्षर युनिकोडांत स्वतंत्र संकेतानें लिहितां येतें. साधा 'र' व त्याखालीं नुक्ता अशा दोन संकेतांनींही लिहितां येतें. आणि 'र्' नंतर न दिसणारा एक जोडसंकेत घालूनही पडद्यावर तेंच रूप उमटतें. डोळ्यांस तिन्ही कऱ्हाडें एक दिसतात. यंत्र मात्र म्हणतें, 'असें गांव नाहीं'. पहिलीं दोन रूपें युनिकोडाच्या ठराविक नॉर्मलायझेशननें एक होतात. तिसऱ्याची सोय आपणांस वेगळी करावी लागते. शिवाय पुष्कळ लोक 'कराड' असेंच लिहितात. म्हणून सर्व्हरवर प्रत्येक गांवाच्या नांवाबरोबर शोधण्यापुरतें एक साधें रूप निराळें ठेवावें. त्यांतून गांवाच्या पूर्वींचे असले अनुस्वार व न दिसणारे संकेत काढावेत, रूढ पर्यायी नांवेंही त्यास जोडावींत, आणि मनुष्यानें लिहिलेला शब्दही त्याच चाळणींतून गाळून मग तुलना करावी. पडद्यावर मात्र नांव शुद्ध व पूर्ण दाखवावें.

तीच गोष्ट क्रमाची. आपल्या वर्णमालेंत 'ळ' हा 'ह' नंतर येतो, हें पहिलींतील मूलही जाणतें. युनिकोडांत त्याचा संकेत 'ल' च्या लगेच पुढें, 'व' च्या अगोदर आहे. त्यामुळें केवळ संकेतांच्या क्रमानें लाविलेल्या तालुक्यांच्या यादींत मालवण, मालेगांव, माळशिरस, मावळ, माहूर असा क्रम येतो. मराठी कोश पाहण्याची संवय असलेला मनुष्य माळशिरस हें माहूरच्या पुढें शोधील, आणि तेथें न सांपडल्यानें तें यादींत नाहींच असें समजेल. ब्राउझरांत 'कोलेटर' नांवाचें साधन आहे. त्यास भाषा मराठी असें सांगितलें म्हणजे तें आपल्या वर्णक्रमानें ओळी लावूं शकतें. हें एक वाक्य लिहिण्याचा कंटाळा करूं नये.

आतां सर्वांत घातक अशा दोषाकडे वळूं. मनुष्यानें यादींतून 'आष्टी, जिल्हा वर्धा' ही ओळ निवडली. दिसणाऱ्या चौकटींत नांव आलें, न दिसणाऱ्या चौकटींत क्रमांक बसला. मग त्यास आठवलें कीं हा अर्ज आपला नसून बीडकडील आष्टीच्या भाच्याचा आहे. त्यानें चौकटींतील 'वर्धा' खोडून 'बीड' असें हातानें लिहिलें, यादीकडे पाहिलें नाहीं, आणि अर्ज धाडून दिला. पडद्यावर बीड आहे. क्रमांक अद्याप वर्ध्याचाच आहे! पाहणारास सर्व ठीक दिसतें, छापून घेतलेल्या प्रतीवरही बीडच येतें, आणि यंत्राच्या दप्तरीं मात्र वर्धा नोंदलें जातें. पहिल्या उदाहरणांतील मुलीस निदान शंका घेण्यास जागा होती. येथें तीही उरत नाहीं. याकरितां नियम असा करावा कीं, निवडीनंतर चौकटींतील एक अक्षर जरी बदललें, तरी तत्क्षणीं क्रमांक पुसून टाकावा, आणि पुन्हां ओळ निवडल्याशिवाय अर्ज पुढें जाऊं देऊं नये. त्या वेळीं नुसतें 'चूक' असें लाल अक्षरांत ओरडूं नये. 'खालील यादींतून गांव निवडा' असें सांगावें. तसेंच निवड झाल्यावर चौकटीखालीं 'गांव आष्टी, तालुका आष्टी, जिल्हा बीड' असें पूर्ण वाक्य उमटवावें, म्हणजे धाडण्यापूर्वीं नजर टाकतां येते.

कीबोर्डाविषयींही येथेंच सांगतों. ज्यांस माऊस धरतां येत नाहीं, किंवा ज्यांस दिसत नाहीं, अशांनाही हा अर्ज स्वतःच्या हातानें भरतां आला पाहिजे. खालच्या बाणानें यादी उघडावी व पुढील ओळीवर जावें, वरच्या बाणानें मागें यावें, एंटरनें निवड व्हावी, एस्केपनें पाटी मिटावी, आणि टॅबनें पुढील प्रश्नाकडे जातां यावें. यादींत वरखालीं फिरतांना लिहिण्याची जागा चौकटींतच राहावी. चालू ओळ कोणती हें 'एरिया' नांवाच्या खुणांनीं ब्राउझरास कळवावें. या खुणांचें प्रमाण २०१४ सालीं प्रथम मान्य झालें. चौकटीस काँबोबॉक्स, पाटीस लिस्टबॉक्स व ओळीस ऑप्शन अशी भूमिका द्यावी. पाटी उघडी कीं मिटलेली हेंही सांगावें. पाटीस ग्रिडची भूमिका देऊन प्रत्येक रकाना स्वतंत्र घर म्हणून जाहीर करण्याचीही पद्धत आहे. परंतु रकान्यांतून आडवें फिरावयाचें नसेल तर ती खटपट व्यर्थ आहे असें माझें मत आहे. अंध विद्यार्थ्यास रकाने दिसत नाहींत. त्याला ओळ ऐकूं यावयाची असते. म्हणून प्रत्येक ओळीचें बोलण्याचें नांव 'आष्टी, तालुका आष्टी, जिल्हा वर्धा' असें पूर्ण द्यावें. तेथें नुसतें 'आष्टी' ठेविलें, तर डोळसांसाठीं केलेल्या सुधारणेचा लाभ त्यास मुळींच मिळाला नाहीं, आणि तो पुन्हां त्या पहिल्या मुलीच्या जागीं येऊन उभा राहिला.

मराठी टंकनाचा एक खोडसाळपणा या संबंधांत ध्यानांत ठेवावा. पुष्कळ लोक रोमन अक्षरें दाबून देवनागरी उमटवितात, आणि सुचविलेला शब्द पक्का करण्यासाठीं एंटर दाबतात. आपला घटक त्याच एंटरनें ओळ निवडूं लागला, तर मनुष्य शब्द लिहीत असतांनाच भलतें गांव निवडलें जातें. शब्द अजून जुळत आहे कीं पुरा झाला, हें ब्राउझर प्रत्येक कळीबरोबर सांगतो. तें विचारून मगच एंटर मानावा.

मोबाईलच्या अरुंद पडद्यावर चार रकाने मावत नाहींत. वेबसुलभतेच्या २०१८ सालच्या मार्गदर्शक प्रमाणानुसार ३२० पिक्सेल रुंदींतही मजकूर आडवा न सरकवितां वाचतां आला पाहिजे. तेथें रकान्यांचा हट्ट सोडून गांवाचें नांव ठळक अक्षरांत वर, आणि तालुका, जिल्हा व पिन बारीक अक्षरांत त्याखालीं, अशी दोन ओळींची मांडणी करावी. बारीक म्हणजे आजोबांस चष्मा लावूनही न दिसण्याइतकें बारीक नव्हे. जिल्ह्याचें नांव कापून 'व...' असें मात्र कधींही दाखवूं नये, कारण वर्धा कीं वाशीम हाच तर प्रश्न होता.

सर्व्हरवर आलेला क्रमांक खरोखर यादींतील आहे कीं नाहीं, हें तेथें पुन्हां तपासावें, कारण ब्राउझरांतील कोणतीही चौकट बाहेरच्या मनुष्यास बदलतां येते. तसेंच यादींतील नांवें पृष्ठावर मजकूर म्हणूनच ठेवावींत, आज्ञा म्हणून नव्हे. एवढी काळजी घेतली म्हणजे कोणी नांवाच्या मिषानें प्रोग्राम घुसविण्याचा मार्ग बंद होतो.

ज्या विद्यार्थ्यांस हा घटक स्वतः करून पाहावयाचा असेल, त्यांनीं प्रथम बारा तालुक्यांचीच यादी घ्यावी : दोन आष्टी, दोन कर्जत, दोन खेड, आणि मालवण, माळशिरस, मावळ, माहूर, कऱ्हाड व मालेगांव. ती चालूं लागली म्हणजे माऊस बाजूला ठेवून केवळ कीबोर्डानें बीडची आष्टी निवडावी. मग एक अक्षर खोडून क्रमांक पुसला जातो कीं नाहीं तें पाहावें. कऱ्हाड हें तिन्ही रीतींनीं लिहून शोधावें. आणि माळशिरस कोठें बसलें तें तपासावें. त्यानंतर पडदा झांकून, वाचून दाखविणारा प्रोग्राम सुरू करून, तीच यादी घरांतील एखाद्या वडील मनुष्यास ऐकवावी, आणि आतां ऐकूं आलेली आष्टी कोणत्या जिल्ह्यांतील, असें त्यांस विचारावें.